उताऱ्याखालचे प्रश्न

मराठी समीक्षेत 'वाचक' ही संकल्पना रुळून आता बराच काळ लोटला आहे. अभिप्रेत वाचक, आदर्श वाचक, सहृदय अशा त्याच्या नाना जाती आपण कल्पिल्या आणि त्यांची एकमेकींशी तुलनाही केली. परंतु प्रत्यक्षातला मराठी वाचक एखाद्या संहितेचा अर्थ लावून तो लेखी स्वरूपात दुसऱ्यापुढे ठेवतो तो आयुष्यात बहुधा एकाच ठिकाणी, परीक्षेच्या दालनात. 'खालील उतारा वाचून त्याखाली दिलेल्या प्रश्नांची उत्तरे लिहा' ही सूचना वाचल्यावाचून कोणी शालेय शिक्षण पूर्ण केले असेल असे वाटत नाही. त्यांतील बहुसंख्य पुढे कविता वाचणार नाहीत, कादंबरी क्वचितच वाचतील, समीक्षा तर नाहीच नाही. म्हणजे वाचन या व्यवहाराविषयी समाजात सर्वाधिक पसरलेला सिद्धान्त कोणता, असा प्रश्न केला तर त्याचे उत्तर संरचनावाद किंवा वाचककेंद्री समीक्षा असे देता येत नाही. तो सिद्धान्त उताऱ्याखालच्या प्रश्नांत आहे. आपण प्राध्यापक मंडळी हे प्रश्न काढतो, तपासतो, त्यांचे मानधन घेतो. मात्र त्यांच्याकडे सिद्धान्त म्हणून कधी पाहत नाही. प्रस्तुत लेखात तसे पाहण्याचा प्रयत्न आहे.

उताऱ्याचा प्रश्न काही गोष्टी गृहीत धरतो. संहिता स्वयंपूर्ण आहे. तिच्या लेखकाविषयी, काळाविषयी, मागच्यापुढच्या पानांविषयी काही ठाऊक असण्याची गरज नाही. अर्थ हा संहितेच्या आत, एखाद्या पेटीत ठेवल्यासारखा, आधीच ठेवलेला आहे. तो बाहेर काढून 'आपल्या शब्दांत' मांडता येतो, आणि मांडताना त्याचे काही सांडत नाही. यांतील पहिले गृहीत नवसमीक्षेच्या ओळखीचे आहे. विम्झॅट आणि बिअर्ड्‌स्ली यांनी १९४६ साली लेखकाच्या हेतूला अर्थनिर्णयाच्या कक्षेबाहेर काढले, तेव्हा त्यांना संहितेची हीच स्वायत्तता अभिप्रेत होती. पण त्याच परंपरेतल्या क्लीन्थ ब्रूक्स यांनी १९४७ मध्ये काव्याचा अन्वयार्थ सुटा करून सांगणे हे पाखंड ठरवले होते. आपल्या प्रश्नपत्रिकेने नवसमीक्षेची स्वायत्तता तेवढी स्वीकारली आणि तिचा निषेध मात्र दाराबाहेर ठेवला. संहिता स्वतंत्र खरी, पण तिचा अर्थ पाच ओळींत सांगा, दोन गुण. हा संकर कोणी जाणूनबुजून घडवलेला नाही. तो सोयीपोटी घडला आहे, आणि सोयीपोटी घडलेले सिद्धान्त खोडून काढणे सर्वांत कठीण असते.

निनावी मजकूर विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याच्या पद्धतीचा एक प्रसिद्ध पूर्वज आय. ए. रिचर्ड्‌स यांच्या केंब्रिजमधील प्रयोगात सापडतो. कवीचे नाव, काळ, शीर्षक काहीही न देता त्यांनी विद्यार्थ्यांना कविता दिल्या आणि त्यांचे लेखी अभिप्राय मागवले. त्यांतून १९२९ साली त्यांचे 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' उभे राहिले. सुशिक्षित वाचकालाही कवितेचा साधा वाच्यार्थ लागत नाही, तो ठरीव प्रतिक्रियांच्या आहारी जातो, भावविवश होतो, आपली मते कवितेवर लादतो, अशी अडचणींची यादीच रिचर्ड्‌स यांनी दिली. आपल्याकडे रिचर्ड्‌स शिकवताना ही यादी पाठ करून घेतली जाते. एक बाब मात्र सहसा कोणी लक्षात आणून देत नाही. रिचर्ड्‌स यांनी कवितेखाली प्रश्न छापले नव्हते. त्यांनी कोरा कागद दिला होता, आणि तो घेऊन जाऊन सवडीने लिहिण्याची मोकळीक दिली होती. वाचक कोठे अडखळतो हे त्यांना पाहायचे होते, म्हणून अडखळायला जागा ठेवणे भागच होते. परीक्षेने त्यांच्याप्रमाणे निनावी उतारा ठेवला आणि कोऱ्या कागदाच्या जागी प्रश्न आणले.

प्रश्न आल्याबरोबर वाचनाची दिशा उलटते. कोणत्याही शिकवणीवर्गात पहिला उपदेश मिळतो तो असा : आधी प्रश्न वाचा, मग उतारा. हा उपदेश व्यवहारात चुकीचा नाही. वेळ वाचतो, गुण मिळतात. मात्र त्यामुळे उतारा हा वाचनाचा विषय न राहता शोधाचे मैदान होतो. प्रश्नातला शब्द उताऱ्यात कोठे आला आहे ते पाहायचे, त्याच्या मागची एक आणि पुढची एक ओळ उचलायची. इझर म्हणतात की संहितेत रिकाम्या जागा असतात आणि वाचक त्या आपल्या कल्पनेने भरतो. आमच्याकडे 'गाळलेल्या जागा भरा' हा प्रकार फार जुना आहे. फरक इतकाच की तेथे भरायचा शब्द आधीच ठरलेला असतो.

बहुपर्यायी प्रश्नांनी ही प्रक्रिया टोकाला नेली. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेत २०१३ पासून उताऱ्यांवरील आकलनाला मोठे स्थान मिळाले. विद्यापीठीय अध्यापनासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत २०१२ मध्ये तिसरी प्रश्नपत्रिकाही वस्तुनिष्ठ झाली. म्हणजे उद्या जो कविता शिकवणार आहे त्याला निबंधाची एक ओळही न लिहिता पात्र ठरता येते. चार पर्यायांतले तीन चकवा देण्यासाठीच रचलेले असतात, आणि तयारी करणारे विद्यार्थी त्या रचनेचाच अभ्यास करतात. 'केवळ', 'नेहमीच', 'कधीही नाही' असे शब्द असलेला पर्याय बाद धरावा, फार सविस्तर पर्यायाकडे लक्ष द्यावे, दोन पर्याय परस्परविरोधी असतील तर त्यांतला एक बरोबर असण्याचा संभव अधिक, अशी सूत्रे त्यांच्या वह्यांत मी वाचली आहेत. ही सूत्रे उताऱ्याविषयी काहीच सांगत नाहीत. ती प्रश्न काढणाऱ्याच्या स्वभावाविषयी आहेत. १९९० साली स्टुअर्ट कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेतले आकलनाचे प्रश्न उतारे न देताच विद्यार्थ्यांना सोडवायला दिले, आणि निव्वळ अंदाजाने मिळावेत त्यापेक्षा अधिक गुण त्यांनी मिळवले. उतारा न वाचता आकलनाचे गुण मिळतात, या निष्कर्षावर आश्चर्य व्यक्त करण्याची प्रथा आहे. मला त्यात आश्चर्य वाटत नाही. त्या विद्यार्थ्यांनी वाचन केलेच होते, फक्त ते प्रश्नांचे होते.

येथे कर्तृत्वाचा प्रश्न उपस्थित होतो. उताऱ्याचा लेखक कोण? ज्याने मूळ पुस्तक लिहिले तो, असे उत्तर तोंडावर येईल. पण तीनशे पानांतून पंधरा ओळी कापून काढणे, त्यांतला अवघड शब्द बदलणे, गैरसोयीचे वाक्य वगळणे आणि खाली 'योग्य शीर्षक द्या' असे लिहिणे ही एक स्वतंत्र रचनाच आहे. २००२ साली न्यूयॉर्क राज्याच्या शालान्त परीक्षेतील साहित्याचे उतारे मूळ पुस्तकांशी ताडून पाहिले गेले, तेव्हा धर्म, वंश, मद्यपान यांचे उल्लेख त्यांतून परस्पर काढून टाकलेले आढळले. आयझॅक बाशेव्हिस सिंगर यांच्या लेखनातून तर ज्यू असण्याच्याच खुणा पुसल्या गेल्या होत्या. गवगवा झाल्यावर शिक्षण खात्याला ही पद्धत सोडावी लागली. आपल्याकडे असा गवगवा होत नाही, कारण ताडून पाहण्याचे श्रम कोणी घेत नाही. दलित आत्मकथनातला उतारा निवडताना भूक, अनवाणी चालणे, दिव्याखाली अभ्यास हे ठेवून पाणवठ्याचे वाक्य गाळलेले मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. गाळणाऱ्याच्या मनात वाईट हेतू असतो असे नाही. 'वाद नको' एवढाच विचार असतो. पण त्या एका वाक्याबरोबर उताऱ्यातील दुःखाचे कारणच निघून जाते, आणि मग उरलेल्या मजकुराला 'कष्टाचे फळ' हे शीर्षक अगदी योग्य ठरते. विद्यार्थी ते लिहितो, त्याला पूर्ण गुण मिळतात, आणि तो चुकलेलाही नसतो. त्याच्यापुढे जी संहिता ठेवली तिचा अर्थ तोच आहे.

लेखकाचे नाव प्रश्नात मात्र वारंवार घेतले जाते. 'लेखकाला काय सुचवायचे आहे?', 'कवीने ही प्रतिमा का योजली आहे?' अमेरिकन कवयित्री सारा होल्‌ब्रुक यांनी २०१७ साली एक अनुभव लिहून प्रसिद्ध केला. टेक्सस राज्याच्या शालेय परीक्षेत त्यांच्या कविता घेतल्या होत्या, आणि त्यांखालच्या काही प्रश्नांची उत्तरे त्यांना स्वतःलाच देता येईनात. एका ठिकाणी कडवे का तोडले आहे, असा प्रश्न होता. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे कविता मोठ्याने म्हणताना त्या तेथे थांबतात म्हणून, आणि हा पर्याय चारांत नव्हता. हा किस्सा सांगून परीक्षेची टर उडवणे सोपे आहे. समीक्षकाने तसे करू नये. विम्झॅट-बिअर्ड्‌स्ली यांची भूमिका मान्य असेल तर कवयित्रीचे उत्तर अंतिम मानण्याचे कारण नाही. कविता तिच्या हातून सुटली आहे. मग दोष कोठे आहे? दोष असा की परीक्षा कवीला अधिकार देत नाही, पण आपला अधिकार मात्र कवीच्या नावाने गाजवते. 'कवीला काय म्हणायचे आहे' या वाक्यातला 'कवी' हे प्रश्नकर्त्याचे टोपणनाव आहे. स्टॅन्ली फिश यांनी १९८० मध्ये अर्थ हा विवेचक-समुदायाच्या संकेतांतून निश्चित होतो असे प्रतिपादन केले, आणि आपण त्यावर भरपूर लिहिले. असा समुदाय प्रत्यक्ष पाहायचा असेल तर उत्तरपत्रिका तपासण्यापूर्वीच्या नियामकांच्या बैठकीस जावे. नमुना उत्तर वाचले जाते, 'हे आले तर एक, तेही आले तर दोन' असे ठरते, चहा येतो. अर्थ तेथे स्थिर होतो. फिश यांच्या विवेचनात नसलेली एक गोष्ट त्या बैठकीत असते, ती म्हणजे समुदायाबाहेरच्या वाचकाला शून्य देण्याची सत्ता.

ही सत्ता मीही वापरली आहे, आणि प्रस्तुत लेखाचे मूळ तेथेच आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी पदवीच्या प्रथम वर्षाची प्रश्नपत्रिका काढताना मनाजोगा उतारा मिळेना, म्हणून मी स्वतःच एक रचला. तो असा होता :

'आठवड्याच्या बाजाराहून अण्णा परतले तेव्हा ऊन कलले होते. त्यांच्या खांद्यावर कासरा होता. तो खुंटीला अडकवून ते ओसरीवर टेकले आणि त्यांनी पाणी मागितले. आईने तांब्या पुढे केला. गोठ्याकडे तिने पाहिले नाही. "जेवून घेता का?" तिने विचारले. "मागाहून," अण्णा म्हणाले. दिवेलागणीला मी सवयीने कडब्याच्या दोन पेंढ्या उचलल्या आणि गव्हाणीशी जाऊन थांबलो.'

याखाली मी तीन प्रश्न दिले. अण्णांच्या खांद्यावर काय होते? आई गोठ्याकडे का पाहत नाही? उताऱ्याला शीर्षक द्या.

पहिला प्रश्न आज मला फार उद्बोधक वाटतो. 'कासरा' हे उत्तर जवळजवळ सर्वांनी लिहिले. त्यांतल्या शहरी मुलामुलींपैकी कित्येकांना कासरा म्हणजे काय हे माहीत नसणार. उपरणे किंवा पिशवी असे काही त्यांनी मानले असेल. तरी त्यांचे उत्तर शंभर टक्के बरोबर. ज्याला ठाऊक होते की कासरा हा बैलाला धरण्याचा दोर आहे आणि तो बैलाविना खांद्यावर आला याचा अर्थ काय, त्यालाही तितकाच गुण. संहिता स्वयंपूर्ण असते या गृहीताचे काय होते ते या एका शब्दात दिसते. उताऱ्याचा सगळा भार ज्या शब्दावर आहे तो शब्द न समजता उत्तर देता येते, आणि समजून दिले तर ते समजल्याचे दाखवायला जागा नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे माझे नमुना उत्तर 'बैल विकले गेले म्हणून तिला दुःख झाले' असे होते. उताऱ्यात 'बैल' हा शब्द कोठेही नाही, याचा मला अभिमान होता. व्यंग्यार्थ विचारणारा प्रश्न काढल्याचे समाधान होते. पुष्कळांनी अपेक्षित उत्तर लिहिले. काहींनी 'बैल मेले' असे लिहिले. एका उत्तरपत्रिकेत एवढेच होते : 'कारण तिला आधीच माहीत होते.' बैलांचा उल्लेख नाही, विक्रीचा नाही, दुःखाचा नाही. ठरलेल्या मुद्द्यांपैकी एकही नसल्यामुळे मी शून्य दिले आणि पान उलटले. कोणी तक्रार केली नाही, पुनर्मूल्यांकनासाठी अर्जही आला नाही.

ते उत्तर माझ्या नमुना उत्तरापेक्षा सरस होते हे मला पुढे कधीतरी, दुसऱ्याच कशाचा विचार करताना उमगले. आई दारात येऊन काही विचारत नाही. कासरा पाहून दचकत नाही. ती जेवणाचे विचारते. दुःख झाले असे म्हणणे म्हणजे तिला ते आत्ता कळले असे मानणे; पण उताऱ्यात नवल कोठेच नाही. बाजाराला जाण्याचा निर्णय आदल्या रात्री दोघांनी मिळून घेतला असणार, आणि म्हणूनच पाहण्यासारखे तिच्यासाठी काही उरलेले नाही. त्या विद्यार्थ्याने बैल विकल्याचे उत्तरात लिहिले नाही, कारण ते त्याला इतके उघड होते की सांगण्याची गरज वाटली नाही. तो माझ्या पुढे एक पायरी उभा होता. येथे लेखक मी, प्रश्नकर्ता मी, परीक्षक मी. होल्‌ब्रुक यांच्या बाबतीत निदान कवयित्री आणि परीक्षक वेगळे होते. माझ्यातल्या परीक्षकाने माझ्यातल्या लेखकालाही बोलू दिले नाही.

असे काही सांगितले की उपाय म्हणून लगेच 'मुक्त प्रतिसाद' सुचवला जातो. विद्यार्थ्याला वाटेल ते लिहू द्या, प्रत्येक वाचन वैध माना. हा उपाय करून झाला आहे. २०१८-१९ पासून दहावीच्या नव्या 'कुमारभारती'बरोबर कृतिपत्रिका रुळली. तिच्यात चौकटी, आकृतिबंध, जोड्या आहेत, आणि शेवटी 'तुमचे मत लिहा' ही स्वमताची कृतीही आहे. हेतू निःसंशय चांगला होता. परंतु स्वमताचे काय झाले ते कोणतेही मार्गदर्शक उघडून पाहावे. झाडावरचा उतारा असेल तर पर्यावरण जपले पाहिजे, आजीवरचा असेल तर वडीलधाऱ्यांचा आदर केला पाहिजे, पुस्तकावरचा असेल तर मोबाइल वाईट. रिचर्ड्‌स यांनी ज्यांना ठरीव प्रतिक्रिया म्हटले त्या येथे दोन-तीन गुणांना छापील मिळतात. उताऱ्याशी कसलेही नाते न ठेवता देता येणाऱ्या मताला स्वातंत्र्य म्हणावे काय, याचा विचार व्हायला हवा. शिवाय खरोखरच मोकळे लिहायचे झाले तर ते ज्याच्या घरात पुस्तकांचे कपाट आहे, जेवताना ज्याला 'तुला काय वाटते' असे विचारले जाते, त्यालाच अधिक चांगले जमते.

म्हणून अपठित उताऱ्याची बाजूही मांडली पाहिजे, आणि ती लंगडी नाही. पठित पाठावरचे प्रश्न पाठांतराने सुटतात. पाठांतर करून घेणारे वर्ग पैशाने मिळतात. अपठित उतारा ही प्रश्नपत्रिकेतील एकच जागा अशी की जेथे सर्वांसमोर तोच मजकूर, त्याच क्षणी, पहिल्यांदा येतो. वस्तीशाळेतून आलेली मुलगी आणि नामांकित शाळेतला मुलगा यांना निदान त्या पंधरा मिनिटांपुरता समान कागद मिळतो. ही समता अपुरी आहे. माझ्या कासऱ्याच्या उताऱ्यात ती ग्रामीण मुलीकडे झुकली असती, आणि विमानतळावरच्या उताऱ्यात उलट दिशेने झुकेल. स्पर्धापरीक्षांच्या मराठी उताऱ्यांत तर ती विचित्रच होते. मराठी माध्यमातून आलेले विद्यार्थी मराठी वाक्याचा अर्थ लागेना म्हणून समोरचा इंग्रजी मजकूर पडताळतात, हे मी वर्गात पाहिले आहे. तरीही 'उतारा काढूनच टाका' असे मी म्हणणार नाही. अर्थ संहितेच्या आधाराने लावायचा असतो, ही उताऱ्यामागची मूळ मागणी योग्य आहे. चूक पुढे होते. परीक्षा वाचकाला अर्थ विचारते, आधार मात्र विचारत नाही.

आपल्या परंपरेत या आधाराची चर्चा विलक्षण सूक्ष्मपणे झालेली आहे, आणि ती काव्यशास्त्राच्या तासापुरती कोंडून ठेवल्याने आपले नुकसान झाले. आनंदवर्धनाने नवव्या शतकात 'ध्वन्यालोका'त प्रतीयमान अर्थाची स्थापना केली, आणि तो नुसत्या व्याकरण-कोशाने कळत नाही असे बजावले. अकराव्या शतकात महिमभट्टाने 'व्यक्तिविवेक' लिहिला तो ध्वनी हा अनुमानातच अंतर्भूत होतो हे दाखवण्यासाठी. ज्याला तुम्ही व्यंजना म्हणता ते एका अर्थावरून दुसऱ्या अर्थाकडे हेतूच्या साहाय्याने जाणे आहे, असा त्याचा दावा. दुसऱ्या शब्दांत, तो सहृदयाला विचारतो : कशावरून? पुढे मम्मटाने 'काव्यप्रकाशा'च्या पाचव्या उल्लासात महिमभट्टाचे खंडन केले. काव्यातले असे हेतू अनैकान्तिक असतात, धुरावरून अग्नी सिद्ध व्हावा तसा त्यांवरून अर्थ सिद्ध होत नाही, असे त्याने दाखवले. वाद मम्मटाने जिंकला असे आपण शिकवतो. मला वर्गाच्या दृष्टीने दोघेही हवेसे वाटतात. महिमभट्टाचा प्रश्न ठेवावा आणि मम्मटाची सावधगिरीही ठेवावी. 'कशावरून' असे विचारावे, पण उत्तरात सिद्धता मागू नये, उपपत्ती मागावी.

उपपत्ती हा शब्द मी मीमांसेतून घेत आहे. ग्रंथाचे तात्पर्य ठरवण्यासाठी तेथे उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती ही लिंगे सांगितली आहेत. ती वेदवाक्यांसाठी आहेत, आणि आठ वाक्यांच्या उताऱ्याला सहाही लावणे म्हणजे मुंगीवर अंबारी ठेवणे होईल. पण दोन-तीन लावून पाहावीत. उपक्रम बाजाराने होतो, उपसंहार गव्हाणीशी. मधे एकच गोष्ट तीन वेशांत पुन्हा पुन्हा येते : मोकळा कासरा, न पाहिलेला गोठा, सवयीच्या पेंढ्या. हा अभ्यास. 'बैल मेले' हे उत्तर का टिकत नाही, हे एवढ्याने सांगता येते. बाजार या उपक्रमाशी त्याची संगती लागत नाही. 'बैल विकले' टिकते, आणि ते दोन होते हेही पेंढ्यांवरून म्हणता येते. 'तिला आधीच माहीत होते' हे सिद्ध होत नाही, पण त्याला उपपत्ती आहे, कारण तिच्या प्रश्नात नवल नाही. तिन्ही उत्तरे अशा रीतीने वेगवेगळ्या उंचीवर उभी राहतात. कोणतेही वाचन चालते असे होत नाही, आणि एकच चालते असेही नाही. माझ्या दुसऱ्या प्रश्नापुढे 'कशावरून?' एवढा एक शब्द असता तर त्या विद्यार्थ्याला आणखी एक ओळ लिहावी लागली असती, आणि मला ती वाचावी लागली असती.

यावर आक्षेप ठरलेला आहे. लाखो उत्तरपत्रिका, थोडे दिवस, तुटपुंजे मानधन. परीक्षकाने प्रत्येकाची उपपत्ती तपासत बसावे काय? आक्षेप खरा आहे, आणि त्याला माझ्यापाशी प्रशासकीय उत्तर नाही. मात्र हा आक्षेप आपण किती तत्परतेने घेतो, याकडे लक्ष वेधावेसे वाटते. आपल्या समीक्षालेखांत तरी 'कशावरून' विचारले जाते काय? 'या कादंबरीत अस्तित्ववादी जाणीव प्रकर्षाने प्रकट होते' असे वाक्य लिहून आपण पुढच्या परिच्छेदाकडे वळतो. संपादक विचारत नाही, वाचक विचारत नाही. पंधरा गुणांच्या रसग्रहणात विद्यार्थी 'कवीने सुंदर शब्दयोजना केली आहे' असे लिहितो तेव्हा आपण हसतो. ते वाक्य त्याने आपल्याच शाळेत उचललेले असते.

गेल्या वर्षी तो जुना उतारा मी पुन्हा वर्गात नेला. गुण नव्हते, पर्याय नव्हते, तीन प्रश्नही नव्हते. उतारा फळ्यावर लिहिला आणि काय झाले असावे ते सांगा, पण कशावरून तेही सांगा, इतकेच म्हटले. बाजार, कासरा, पेंढ्या हे सारे दहा मिनिटांत निघाले. ज्यांना कासरा माहीत नव्हता त्यांना शेजारच्यांनी सांगितला. 'आईला आधीच माहीत होते' हेही एकाने म्हटले, आणि मी मनातून सुखावलो. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, 'सर, पण तिने किती आले ते विचारलं नाही.' कशावरून काय, असे मी विचारले. ती म्हणाली, विकायचे दोघांनी ठरवले असते तर ती आधी पैशाचे विचारते. आमच्या घरी असेच झाले होते. तिच्या मते आईला काही माहीत नव्हते, आणि माहीत करून घ्यायचेही नव्हते, म्हणून ती जेवणाचे विचारते. पहिल्या बाकावरच्याने लगेच उलट सांगितले की किंमतही आधीच ठरली असेल, म्हणून विचारले नाही. वर्गाचे दोन तट पडले. दोन्ही बाजूंना आधार तीच एक ओळ होती. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठले नाही, आणि मला कोणी विचारलेही नाही की सर, बरोबर उत्तर कोणते.